दिवसभर हिशेब जुळत नाही, रात्री गोळ्या जुळतात

ताई, नमस्कार. नाव छापू नका प्लीज. मी ४३ वर्षांची, सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात हिशेबाला आहे. घरी नवरा, दहावीतला मुलगा, सासूबाई. मला मोबाईलवरच्या त्या रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमचं वेड लागलंय. २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं, आम्ही विश्रामबागला नणंदेकडे राहिलो, झोप यायची नाही म्हणून भाचीने गेम टाकून दिली, ती आजपर्यंत. रोज सगळं आवरून साडेअकराला अंथरुणावर पडते आणि ‘एवढीच लेव्हल’ म्हणता म्हणता साडेबारा-एक वाजतो. डोळे मिटले तरी गोळ्या पडताना दिसतात. तीन महिन्यांत जास्तीच्या मूव्ह्ज (म्हणजे चाली) विकत घेण्यात २,३४० रुपये गेले, भिशीतले बाजूला ठेवलेले होते, बँकेचा मेसेज नवऱ्याने बघितला आणि घरात रामायण झालं. तो म्हणतो हा जुगार आहे, आणि लहान पोरांचा खेळ पण आहे (दोन्ही एकदम कसं ते मला कळलं नाही). मुलगा म्हणतो मम्मी आधी तू ठेव, मग मी ठेवतो. चार वेळा डिलीट केली, चारही वेळा परत घेतली. लाज वाटते. एवढं काय आहे त्यात? आणि मी काय करू?
ता. क. लेव्हल १४६२ वर नऊ दिवस अडकलीय.
— यार्डातली एक

अगं, तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं सांगू, माझी लेव्हल बघितली. मी तुझ्या बरीच मागं आहे. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करतीय, राग मानू नको. गेमचं नाव तू लिहिलंयस पण मी छापत नाही, असल्या सगळ्या गेमांची आतली भानगड थोड्याफार फरकाने सारखीच असते.

आधी तुझ्या ‘एवढं काय आहे त्यात’ वर बोलते कारण मला वाटतं तुझी निम्मी लाज तिथंच संपेल.

तू दिवसभर काय करतेस बघ. सौदे निघतात, पोत्यांची वजनं येतात, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी काढायची, व्यापाऱ्याचं येणं लावायचं, आणि चार वाजता कुणाचातरी फोन येणार की ते कालचं बिल जरा बदला. संध्याकाळी टॅलीत कुठंतरी सव्वाशे रुपये लोंबकळत राहतात ते कुठून आले ते सापडत नाही. घरी आलीस की पोराच्या क्लासची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, उद्याच्या डब्याला भाजी काय. दिवसभर नुसती जुळवाजुळव, आणि त्यातलं एक काम झालं म्हणून खाली ठेवता येत नाही, भांडी घासून पालथी घातली की अर्ध्या तासात परत चहाचे कप सिंकमध्ये. आणि मग साडेअकराला तुझ्या हातात एक चौकट येते जिथं तीन लाल एका ओळीत आणले की ते फुटतात आणि गेले. कुणी फोन करून म्हणत नाही की ते लाल परत आणा, आमची एंट्री चुकली.

माझी आई दुपारी जेवणं झाली की सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. हाताला काम, डोळ्याला काम, डोकं मोकळं. त्या तासाभरात तिला कुणी हाक मारायचं नाही कारण ती ‘काम करतीय’. आता तांदूळ निवडलेलेच येतात. मला तर गोळ्या जुळवणं म्हणजे तांदूळ निवडणंच वाटतं, फक्त इथं खडे वरून परत पडतात आणि बघणारा म्हणतो ही बसलीय मोबाईल घेऊन.

आणि हे खूळ आजचं नाही. ब्रॉडी लॉकार्ड नावाचा एक अमेरिकन मुलगा, जिम्नॅस्ट, सराव करताना पडला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. त्याने १९८१ मध्ये तोंडात काठी धरून एकेक बटण दाबत कॉम्प्युटरवर महजाँग या चिनी खेळाच्या फरशांच्या जोड्या लावायचा खेळ बनवला, १४४ फरशा, सारख्या दोन सापडल्या की उचलायच्या. पुढं विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये तो ‘महजाँग टायटन्स’ म्हणून फुकट यायचा, आमच्या ऑफिसात दुपारी तीननंतर सगळे त्याच्यावरच असायचे, साहेब आले की एक्सेल वर. त्याच्या खूप आधी, ऐंशीच्या दशकातच टेट्रिस आला मॉस्कोतून, वरून पडणारे ठोकळे रचायचा. १९९४ मध्ये रशियातच येवगेनी आलेमझिन यांनी ‘शारिकी’ नावाचा खेळ काढला, शारिकी म्हणजे छोटे गोळे, शेजारशेजारचे दोन बदलायचे आणि तीन एका ओळीत आणायचे. तुझ्या गेमचा पणजोबा तोच. २००१ मध्ये त्याच पद्धतीचा हिऱ्यामाणकांचा ‘बिज्वेल्ड’ आला, आणि एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकवर ‘कँडी क्रश सागा’, त्याच नोव्हेंबरात मोबाईलवर. आठवतंय का, दोन वर्षं नुसत्या ‘लाईफ पाठवा’च्या रिक्वेस्टी यायच्या (लाईफ म्हणजे खेळायची संधी, हरलं की एक जाते), शाळेतल्या बाई, जाऊबाई, वर्षानुवर्षं न बोललेला मावसभाऊ, सगळे लाईफ मागायचे.

हा खेळ कळायला दहा सेकंद लागतात. पण खरी गोडी मला वाटतं त्या घसरगुंडीत आहे. तू तीन जुळवलेस, ते फुटले, वरचे खाली आले, त्यात आपोआप अजून तीन जुळले, ते फुटले, परत वरून आले, परत फुटले, आणि तू नुसती बघत बसलीस. स्क्रीनवर शाबासकी येते. त्यातलं तुझं किती आणि फुकटचं किती ते तुलाच कळत नाही आणि कळून घ्यायचं पण नसतं. आयुष्यात फुकटात आपोआप काय जुळलंय गं आपलं कधी.

ह्याच ठिकाणी खेळ संपतो आणि धंदा सुरू होतो.

वरून कुठला रंग पडणार हे तुला माहीत नाही, त्यामुळे बक्षीस कधी मिळेल ते पण माहीत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, बटणावर ठराविक वेळा चोच मारली की दाणा मिळणार असं असेल तर कबुतर दाणा खाऊन जरा दम खातं, पण दाणा कधी चौथ्या चोचीला कधी चाळिसाव्या चोचीला असा येत असेल तर ते थांबतच नाही. दुसरी गोष्ट त्याहून बेरकी. तू हरतेस तेव्हा बऱ्याचदा कशी हरतेस आठव. फोडायची एकच जेलीची चौकट उरलेली असते. एकच मूव्ह कमी पडते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये कँडी क्रश खेळणाऱ्यांना तपासलं, तेव्हा दिसलं की पार हरलेल्यापेक्षा थोडक्यात हरलेला माणूस जास्त चिडतो, आणि परत खेळायची खुमखुमी पण त्यालाच जास्त येते. आणि नेमकं त्याच सेकंदाला स्क्रीनवर काय येतं? ‘आणखी पाच मूव्ह्ज घ्या.’ एरवी दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीला दोनदा घासाघीस करणारी बाई तिथं चटकन पैसे भरून मोकळी होते. त्याला तुझी अक्कल कमी पडली असं नाही, ते दुकान मुद्दाम त्या वळणावर मांडलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गोळ्या जुळवणं तुझं आहे, ते ठेव. ‘आणखी पाच’ त्यांचं आहे, ते त्यांना परत कर. तू चार वेळा दोन्ही एकदम फेकून दिलंस म्हणून चारही वेळा परत आणावं लागलं.

आता नवऱ्याचं. जुगार म्हणतो तो, तर सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, रमी वगैरे ॲप त्यात बंद झाली. तुझ्या गेममध्ये पैसे जिंकायची सोयच नाही त्यामुळे कायद्याने तो जुगार नाही. पण तू खूश होऊ नको, जुगारात निदान कधीतरी पैसे परत येतात, इथं तेही नाही. आणि लहान पोरांचा खेळ म्हणत असेल तर त्याला सांग की ऑस्ट्रेलियातले टोबी वॉल्श म्हणून कॉम्प्युटर शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखवलं की कँडी क्रश कॉम्प्युटरला पण अवघड जाणाऱ्या कोड्यांमध्ये बसतो, म्हणजे बोर्ड मोठा होत गेला तर हमखास झटपट उत्तर काढायची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनचे एक खासदार पेन्शनवरची कमिटीची बैठक चालू असताना कँडी क्रश खेळताना सापडले आणि त्यांना माफी मागावी लागली. आपला धोनी २०२३ मध्ये विमानात खेळताना दिसला तर सगळे म्हणाले बघा किती साधा माणूस. सांगलीतली बाई खेळली की वेड. असो.

डोळे मिटल्यावर गोळ्या दिसतात त्याची भीती काढून टाक. त्याला टेट्रिस इफेक्ट असंच नाव आहे. २००० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना रोज टेट्रिस खेळायला लावला तर झोप लागता लागता अनेकांना ठोकळे पडताना दिसायला लागले, आणि गंमत म्हणजे त्यात काही स्मृती गेलेले पेशंट होते, त्यांना आपण गेम खेळलोय हेसुद्धा आठवत नव्हतं, तरी ठोकळे दिसले. मेंदू दिवसाचा माल रात्री लावून ठेवत असतो, तुझ्या गोडाऊनसारखा. तू झोपायच्या आधी शेवटची गाडी गोळ्यांची उतरवतेस, मग तेच दिसणार.

तुझ्या पत्रात मला अडखळायला लावणारं वाक्य वेगळंच होतं, पुराचं. तू ते सहज लिहून पुढं गेलीस. ऑक्सफर्डच्या एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला, लोकांना अपघात-मृत्यू वगैरे भयंकर दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस खेळायला दिला, तर पुढच्या आठवड्यात ती दृश्यं डोळ्यांसमोर परत परत येण्याचं प्रमाण खेळणाऱ्यांमध्ये कमी निघालं. डोळ्यांसमोरची जागा ठोकळ्यांनी भरली की चित्र बसायला जागा उरत नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं. आता तो प्रयोग फिल्मचा होता, खेळ टेट्रिस होता, तुझं तसंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण घर पाण्यात, सामान किती वाचलं माहीत नाही, झोप नाही, आणि त्या रात्री एका पोरीने तुझ्या हातात रंगीत गोळ्या दिल्या आणि तुझा डोळा लागला, तर त्या गेमने तेव्हा तुझ्यावर उपकारच केले बाई. त्याची लाज कसली.

आता एक काम कर, मागचं आठवून बघ. जुलै-ऑगस्टात, कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांकडे चालली असं व्हॉट्सॲपला फिरायला लागलं की तू जास्त वेळ खेळतेस का? खेळत असशील तर तुझं दुखणं गेम नाही, पाणी आहे. मग १४४१६ ला फोन कर, टेली-मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. वेड लागल्यावरच करायचा फोन असं काही नाही.

आजाराचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेली यादी, पण त्यात बसायला ताबा सुटलेला पाहिजे, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर गेलेला पाहिजे, नुकसान दिसत असून चालू पाहिजे, आणि हे साधारण बारा महिने. तू यार्डात वेळेवर जातेस, पट्ट्या निघतायत, डबे होतायत. तुझी जातीय ती झोप आणि पैसे. त्या दोनच गोष्टींकडे बघू.

पैशाचं आज संध्याकाळीच उरक. नवऱ्याला स्वतःहून सांग, एकूण २,३४०, कुठून गेले ते पण सांग. त्याने मेसेज बघून काढलेत म्हणून ते चोरीचे झालेत, तू सांगितलेस की नुसते खर्चाचे होतील. भिशीत भरून टाक दोन हप्त्यांत. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करून ठेव आणि पासवर्ड नवऱ्याला टाकायला लाव, तुला माहीतच नको. नाही जमलं तर पोराला सांग, दहावीतल्या पोरांना ह्यातलं सगळं येतं. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये काही चिकटलंय का ते पण एकदा बघून घे.

झोपेचं जरा अवघड आहे कारण साडेअकरा ते साडेबारा हा चोवीस तासांतला एकटाच तास तुझा आहे. तो काढून घेतला तर तू चिडचिडी होशील आणि घरचे म्हणतील बघा गेम सुटली की कशी करते. म्हणून तास काढू नको, हलव. नऊ वाजता जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढं बसतात ना, तेव्हा खेळ, सगळ्यांच्या देखत, हॉलमध्ये बसून. ओटा आवरायचं काम त्या अर्ध्या तासात कुणीतरी दुसऱ्याने करायचं, दोन पुरुष आहेत घरात, हात मोडलेले नाहीत. कँडी क्रशसारख्या गेममध्ये पाच लाईफ असतात आणि गेलेली लाईफ अर्ध्या तासाने एक अशी परत येते, म्हणजे पाच भरायला अडीच तास. लोक त्याला शिव्या घालतात, मला तर तोच त्या गेममधला एकमेव सज्जन माणूस वाटतो. पाच गेल्या की मोबाईल चार्जिंगला, आणि चार्जर स्वयंपाकघरात. लाईफ लवकर याव्यात म्हणून मोबाईलचं घड्याळ पुढं करायची ट्रिक करत असशील तर बंद कर, मी केली होती, व्हॉट्सॲपच्या मेसेजच्या वेळा सगळ्या गंडल्या आणि सकाळी सहाचा गजर रात्री दोनला वाजला, आमच्या ह्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

नोटिफिकेशन बंद. ‘तुमच्या लाईफ भरल्या’ हे सांगायला कुणी यायला नको, तुला मोजता येतं.

आणि रात्री मोबाईल ठेवून द्यायच्या आधी काहीतरी पाहिजेच असेल तर लाईफ नसलेला, मूव्ह्ज न विकणारा साधा महजाँग घे, नेट बंद करून खेळ. त्यात अडकलीस तर अडकलीस, कुणी पाच मूव्ह्ज घेऊन उभं नसतं. दोन डावांत कंटाळा येतो, आणि झोपायच्या वेळी कंटाळ्यासारखं औषध नाही.

पोराचं मात्र ऐक. ‘आधी तू ठेव’ हे तो उद्धटपणे म्हणत असेल, बरोबर म्हणतोय. जेवताना आणि रात्री साडेदहानंतर सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत, नवऱ्याचा पण. तो रात्री उशिरापर्यंत काय बघत असतो ते तू लिहिलं नाहीस पण आमच्याकडे जे बघतात तेच असणार, जुन्या मॅचेस आणि कुणीतरी ट्रॅक्टर चिखलातनं काढतोय असले रील. सासूबाईंना सूट द्या, त्यांच्या मालिकेचा एपिसोड राहिलेला असतो.

महिनाभर करून बघ. एखाद्या रात्री साडेबारा वाजले तर वाजले, हळदीच्या हंगामात तर वाजणारच, दुसऱ्या दिवशी डिलीट करायला धावू नको.

राहिली लेव्हल १४६२. तुझ्या बोर्डावर काय आहे ते मला दिसत नाही, पण सुरुवातीच्या मूव्ह्ज शक्यतो खालच्या ओळींत कर, खाली फुटलं की वरचं सगळं हलतं आणि फुकटचं जास्त जुळतं. चार जुळवून आलेली पट्टेवाली लगेच फोडू नको, तिला दुसऱ्या खास गोळीशेजारी आण आणि मग दोघींची अदलाबदल कर. कोपऱ्यातलं आधी काढ, तू नऊ दिवस मधलंच काढत बसली असशील, सगळे तेच करतात. आणि सुटली तर कळव, पण रात्री बाराला मेल टाकू नको, मला कळेल.